वैयक्तिक म्हणजे काय, घरातलं का बाहेरचं?

लग्नाच्या पत्रिका आणि राजीनामे, दोन्ही टाकवत नाहीत. आमच्या फौंड्रीत माणसांच्या येण्याजाण्याचं टेबल माझ्याकडे. बावीस वर्षांत राजीनाम्यांची फाइल इतकी फुगली की तिची नाडी आता बांधता येत नाही. आणि प्रत्येक कागदामागे एक किस्सा, कारण आमच्याकडे नुसत्या कागदावर कुणी सुटत नाही. मालक, म्हणजे आबा, जाणाऱ्याला समोर बसवतात, चहा सांगतात आणि कारण विचारतात.

"वैयक्तिक कारणास्तव" हे शब्द तर त्यांना सोसतच नाहीत. "वैयक्तिक म्हंजे काय? घरातलं का बाहेरचं?" माणूस गडबडतो, खरं बोलून जातो. मग आबा ते कारणच मिटवून टाकतात आणि माणूस राहतो.

माझाही राजीनामा तीन महिने त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. मीही वैयक्तिकच लिहिलं होतं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता, बाकी काही नाही. पण माझ्या लेकीच्या बारशाला स्वतः मांडवाचे खांब धरून उभ्या राहिलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून त्यांनी चहाला बोलावलं की मी काहीतरी काम काढून पळायचे.

*

उचगावच्या सर्जेरावांनी भट्टीवरचं काम सोडतो म्हणून लिहून दिलं. कारण, वैयक्तिक.

"घरातलं का बाहेरचं?"

"गोठ्यातलं," सर्जेराव म्हणाले. म्हैस त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देईना, आणि सकाळच्या पाळीला ते वेळेत पोचेनात.

आबांनी तासभर म्हशीचीच चौकशी केली. मग पाळी बदलून दिली आणि राजीनाम्यावर शेरा मारला, "म्हशीची अडचण. मिटली."

*

स्टोअरमधला विजय फुटबॉलवेडा. त्याचा सुपरवायझर समोरच्या पेठेच्या टीमवाला, तोही तसलाच.

"आमची टीम हरली की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर येऊन साखर वाटत्यात," विजय रडवेला होऊन सांगत होता. "मी ऱ्हात न्हाय आता."

"मग तुमची जिंकली की तू वाट की."

"जिंकत्या कुठं?"

 आबांनी सुपरवायझरलाच दुसऱ्या शेडमध्ये पाठवलं.

*

जाणाऱ्याला फेटा, नारळ आणि सगळ्यांना तांबडा-पांढरा रस्सा, ही आमच्याकडची पद्धत. लेथवरचे मारुतीराव असे शनिवारी फेटा बांधून, रस्सा ओरपून, डोळे पुसत गेले. सोमवारी सकाळी लेथवर हजर!

"एवढं जेवू घातलं, आता सोडून जायाला लाज वाटत्या," म्हणाले.

दोन वर्षांनी त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. आबांनी आतूनच सांगितलं, "सही करतो, पर जेवान न्हाय. एकदा झालंय." मारुतीरावांनी कागद परत घेतला. ते अजून आहेत.

*

कारण न सांगता सुटला तो एकच, पुण्याहून आलेला इंजिनिअर. त्यानं इंग्रजीत छान राजीनामा लिहिला, सगळ्यांचे आभार मानले आणि थेट आबांना मेल केला. आबांचा मेल दिवाळीपासून कुणी उघडला नव्हता. यानं महिनाभर नोटीस पाळली आणि शेवटच्या दिवशी पेढे घेऊन केबिनमध्ये गेला.

"मुलगा झाला का?" आबांनी पेढा तोंडात टाकला.

"नाही सर, आज लास्ट डे."

"कुणाचा?"

कारण विचारेपर्यंत पोरगा गेटबाहेर होता. ही युक्ती मलाही करून बघायची होती, पण तेव्हापासून आबांचा मेल मीच उघडते.

*

गेल्या आठवड्यात आबा स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि दार लोटून बसले. कारभार लेकीकडे द्यायचं घाटत होतंच. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, तेव्हा कागद लागणार.

"बाई, एक राजीनामा लिवा."

"कुणाचा?"

"माझा."

"कुणाच्या नावे?"

"बोर्डाच्या." बोर्ड म्हणजे त्यांची बायको आणि लेक.

"कारण?"

आबांनी खिडकीतून भट्टीच्या शेडकडे बघितलं. 

"वैयक्तिक लिवा."

बावीस वर्षांनी अशी संधी आली होती. मी कीबोर्डवरचे हात काढले. "वैयक्तिक म्हणजे काय आबा? घरातलं का बाहेरचं?"

आबा हसले नाहीत. त्यांनी एकदा दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "कट्टाळा आलाय ओ, बाई."

मी "वैयक्तिक कारणास्तव" असं टाइप करून प्रिंट पुढे ठेवली. त्यांनी सही केली, उठून केबिनमध्ये गेले आणि ड्रॉवरमधला माझा कागद घेऊन आले.

"तुमचं बी ह्येच का?"

मी मान हलवली. त्यांनी त्याच पेनानं माझ्या कागदावर सही केली.

"मग जेवान एकातच उरकूया," म्हणाले.