तांड्यावर माही बायको जित्ती होती

बायको गेली तवा घरी आलेल्या सगळ्या बाया एकच बोलल्या. सवाष्ण गेली, नशीबवान गेली, सोनं झालं तिचं. हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं, हातभर बांगड्या भरल्या. शेजारची तर माह्या तोंडावर म्हणे, "भाऊजी, असं मरण मागून भेटत नाही." मी म्हनलं, मंग तूच काहून नाही मागत? तवापासून ती माह्या दारात पाय ठेवत नाही. बरंच झालं.

तिले कावीळ झालती. महिनाभर पोटात अन्न नाही. शेवटी शेवटी पाणीबी चमच्यानं पाजलं, तेबी अर्धं उशीवर. यात नशीब कोणतं ते मले अजून कोणी समजावून सांगतलं नाही.

घरात बसवत नव्हतं म्हणून काम पाह्यलं. एका संस्थेची शाळा होती बंजाऱ्यायच्या तांड्यावर, तिथं पोट्ट्यायले परसबाग शिकवाची होती. मॅडम पुस्तकातून सांगे, मी मातीत करून दाखवाचं. वाफा कसा बांधाचा, बी किती खोल टाकाचं, पाणी कवा तोडाचं. माहं शिक्षण चौथी, पण कागदावर मले शिक्षक मदतनीस लिहिलं. बाभुळगावाहून सकाळची गाडी, मंग फाट्यावरून पायी. तसं दूर नाही, पण मले तो परदेशच वाटे. पोट्टे आपसात गोरबोलीत बोलत, मोठेबी त्याच बोलीत हसत, अन् मी मधात उभा राहून कोणाच्या तोंडाकडं पाहू तेच समजत नव्हतं. ते आपल्या माणसाले गोर म्हणतात, बाकी सगळे कोर. मी कोर.

सोबती दोनच होत्या. एक मॅडम, तांड्याचीच शिकलेली पोरगी, स्कुटीवर ये, मले काका म्हणे. दुसरी खिचडी शिजवणारी बाई, माह्याच वयाची. ती मले भिया म्हणे. भिया म्हणजे भाऊ. भावाले जेवढं टोचून बोलता येते तेवढं ती मले पहिल्या दिवसापासून बोलली.

पहिल्या दिवशी पोरं जेवल्यावर आम्ही तिघं वरांड्यात बसलो. तिथं रीत अशी का सगळे डबे मधात ठेवाचे, अन् सगळ्यायनं सगळ्यातलं खायाचं. खिचडीवाल्या बाईनं माही वांग्याची भाजी तोंडात घातली अन् चावणंच थांबवलं.

"भिया, हे तुह्या बायकोनं केलं?"

आता बायको नाही म्हनलं असतं तर ती इचारती, कवा गेली, कशानं गेली. अन् मंग तेच. नशीबवान. ते मले आणखी एकदा ऐकाचं नव्हतं. म्हणून म्हनलं, "हो."

"राती झोडपलं का तू तिले? मीठ पाहा ना किती!"

मॅडम तोंडाले ओढणी लावून हसली. मीबी हसलो. बायकोमागं वर्षभरात पहिल्यांदा हसलो, अन् लगेच माहं मलेच कसंतरी झालं.

तिथून तांड्यावर ती जित्ती झाली. रोज डबा उघडला का तिची खबर निघे. "आज बुढीनं डोळे झाकून फोडणी दिली वाटते." "काकूचे गुडघे कसे आहेत, काका?" मले रोज काहीतरी सांगा लागे. गुडघे दुखतात म्हनलं. शेजारणीशी भांडली म्हनलं. भांडण माहं, पण तिच्या नावावर सांगतलं. खिचडीवाली खूश झाली. म्हणे, "चांगलं केलं! अशीच पाह्यजे बाई." परतीच्या गाडीत मी उद्या काय सांगाचं ते जुळवत बसो. घरी कुलूप उघडेपर्यंत ते खरंच वाटे. कुलूप उघडलं का संपलं.

संक्रांतीले शाळेत आयांचा मेळावा झाला. हळदीकुंकू होतं. मॅडमनं एक पिशवी माह्या हातात देली. प्लास्टिकची डबी, कुंकवाची पुडी, तिळाचे दोन लाडू. म्हणे, "काकूले माह्याकडून कुंकू लावा." फाट्यापासून घरापर्यंत पिशवी मांडीवर धरून बसलो. खाली ठेवता येईना. लाडू खाल्ले. पुडी तिच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवली, अन् झाकण लावल्यावर तिथंच भुईवर बसून राह्यलो. ज्या कुंकवाच्या नावानं लोकायनं तिच्या मरणाचं सोनं केलतं, तेच मी आणलतं.

आठ दिवसांनी खिचडीवाली म्हणे, "भिया, बुढीनं उलटं वाण नाही पाठवलं. कंजूस आहे काय?"

मंग बाजारात गेलो. चायच्या गाळण्या घेतल्या. दुकानदार म्हणे, "काय आजोबा, हळदीकुंकू आता तुमीच करता काय?" बाजूची गिऱ्हाइकं हसली. मी गाळण्या उजेडाकडं धरून जाळी पाह्यली, बायको पाहत होती तशी. दुसऱ्या दिवशी तांड्यावर वाटल्या. मॅडम म्हणे, काकूची निवड चांगली आहे.

निवड चांगली म्हनली, पण हाताले कोणी चांगलं म्हणेना. अन् मले सगळ्यात जास्त तेच लागलं. तुमाले सांगतो, माही बायको वास घेऊन मीठ सांगे. गावात लग्न असलं का आचारी तिले बोलवत. ती भाजीच्या गंजाजवळ उभी राहे, अन् चमचा न लावता म्हणे, आणखी मूठभर. तिच्या हातची अंबाडीची भाजी खायाले माहा साळा उमरखेडहून ये. अन् तिच्या हाताले तांड्यावर रोज नावं ठेवून राह्यले होते. भाजी करपवणारा मी, बदनाम ती.

मंग मी शिकाले लागलो. सकाळी अंधारात उठून भाजी करो, चाखो, फेको, पुन्हा करो. एक दिवस वांगं जमलं. कोणी काही बोललं नाही, पण डबा पुसून गेला. मले वाटलं, चला, आता सुधारते तिचं नाव. दुसऱ्याच दिवशी तुरीच्या दाण्याची आमटी खाली लागली. गाडीची वेळ झालती. तशीच भरून नेली.

खिचडीवालीनं घास घेतला. त्या दिवशी ती हसली नाही. चेष्टेनं बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती भावासारखं मनापासून बोलली.

"भिया, वर्ष झालं मी हे खाते. राग नको मानू. रांधणाऱ्या बाईचा जीव असला का हाताले चव येते. तुह्या बायकोचा तुह्यावर जीव नाही."

मी म्हनलं, "तिच्या जीवाचं बोलाचं काम नाही."

"काहून? खरं बोलले म्हणून?"

"मेली ती. दोन वर्सं झाले. हे मी रांधतो."

नळाखाली पोरं ताटं धूत होती. मॅडमनं हातातली भाकर खाली ठेवली. "काका, मंग ते वाण?"

"मीच घेतल्या गाळण्या."

तिचे डोळे भरले. चांगली पोरगी आहे, तिच्या मनात वाईट नव्हतं. पण काहीतरी बोला लागते म्हणून ती बोलली, "सवाष्ण गेल्या काकू. तेवढं तरी..."

"चूप!" मी असा ओरडलो का पोरायच्या हातून ताट पडलं. "तेवढं काय? पाणी नाही जात होतं तिच्या घशातून. काय तेवढं?"

खिचडीवाली उठली अन् तिनं माह्या खांद्याले धरून रडणं सुरू केलं. तांड्याच्या बायांच्या रडण्याले सूर असतो, आपल्याकडं नाही तसा. लांब ओढून, शब्द लावून. शब्द मले समजत नव्हते. जिले वर्षभर नावं ठेवली, जिचं तोंडबी पाह्यलं नाही, तिच्यासाठी ती रडून राह्यली होती. मी आमटीचा हात तसाच वर धरून बसलो. मलेबी रडू याले पाह्यजे होतं. नाही आलं.

मले भीती होती का त्या दोघी तिले नशीबवान म्हणतील. ते एकदाच झालं, पुन्हा कोणी म्हनलं नाही. पण मंग तिचं नावच निघणं बंद झालं. गुडघे कोणी इचारत नाही. शेजारणीचं कोणी इचारत नाही. मी येताना दिसलो का त्यायचं हसणं थांबते. खिचडीवाली मले पहिले वाढते, मोठी भाकर देते, हळू बोलते. असं माह्या घरी मयतीले आलेल्या बाया बोलत होत्या.

अन् माही भाजी दोघीबी खातात. करपली तरी खातात. "चांगली झाली, काका." "बेस झाली, भिया." दोन महिने झाले, एक दिवस नागा नाही.

परवा मी मुद्दाम भाजीत मूठभर मीठ टाकलं. जीभ लावता येत नव्हती. डबा मधात ठेवला अन् पाहत बसलो. खिचडीवालीनं घास घेतला. मॅडमनं घेतला, वरून गिलासभर पाणी पेली.

"चांगली झाली, काका."

मी म्हनलं, "थुका ती."

दोघीबी खाली पाहून चावत राह्यल्या.

"अवो, थुका ना. मीठ आहे निरं. काही तर बोला."

"बेस झाली, भिया," खिचडीवाली म्हणे, अन् तिनं दुसरा घास घेतला.