बापूसाहेबांचा बिनसाखरेचा चहा

डाळजच्या बापूसाहेबांना साखर झालीये, ही बातमी भिगवणपासून इंदापूरपर्यंत ज्याला त्याला ठाऊक होती. तिच्यात खोट एवढीच की ती खरी नव्हती. बापूसाहेबांची तब्येत पहिल्यापासून ठणठणीत. वडील गेणबा मेंढरं राखायचे आणि त्यांच्यामागं रानोमाळ चालून पोराची हाडं काटक झाली. पुढं धरणाचं पाणी आलं, मेंढरं गेली, ऊस आला आणि बापूसाहेब सहकारी साखर कारखान्याचे सभासद झाले. दिवाळीला सभासदाची साखर घरी यायची आणि तिच्यातली निम्मी त्यांच्या चहात जायची. बायको सारजाबाई म्हणायच्या, "ह्यांचा च्या म्हंजे पाक. त्यात जिलेबी सोडली तरी चालंल."

अशा माणसाला साखर झाली ती भिगवणच्या एका औषधाच्या दुकानात, उभ्या उभ्या.

त्याचं असं झालं. मुलगा मल्हार आणि सून दिपाली यांची एकुलती एक लेक संस्कृती दुसरीत गेली आणि वाळायला लागली. सारखी तहान, सारखी लघवी. बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हा लहानपणचा मधुमेह. गोड खाल्ल्यानं होत नाही, यात कुणाची चूक नाही. शरीर इन्सुलिन बनवेनासं झालंय, ते रोज टोचावं लागेल, जन्मभर. दिपालीनं रडून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि घरी आल्या आल्या सगळ्यांना खंडोबाची शपथ घातली.

"भाईर कुणाला कळता कामा न्हाय, आबा. पोरीची जात हाय. उद्या तिचं लगीन करायचंय. हे कळल्यावर कोण दारात येईल?"

बापूसाहेबांनी भंडारा हातात घेऊन शपथ घेतली आणि आठवड्याच्या आत गोत्यात आले. दुकानात इन्सुलिनची बाटली हातात घेतात न घेतात तोच खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. बघतात तर कारखान्याचे चेअरमन मोहनराव.

"काय बापूसाहेब, ही कुणाला हो?"

थापा मारायची सवय नाही, त्यामुळं जवळची पहिलीच थाप तोंडातून निघाली. "मलाच की."

मोहनराव मनानं चांगले, आणि चांगल्या माणसाच्या पोटात दुसऱ्याचं दुखणं राहत नाही. संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळलं. तिथून पुढं बापूसाहेब कुठंही टेकले की आधी आरोळी उठायची, "बापूसाहेबांना बिनसाखरेचा!" आता आमच्या ऊसपट्ट्यात पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे त्याला दारातून परत लावणं. पण बापूसाहेबांना तो मानानं, वेगळ्या कपात, सगळ्यांच्या आधी मिळू लागला. लग्नात पंगतीला बसले की जिलेबीचं ताट त्यांच्यापाशी आल्यावर वाढपी पळायला लागायचा. कुणी कारल्याचा रस आणून द्यायचं, कुणी जांभळाच्या बियांची पूड. लोकांच्या मायेपुढं बापूसाहेबांचं काही चालेना. ते मुकाट्यानं कारलं प्यायचे आणि म्हणायचे, "गुण वाटतोय."

घरी तरी गोड प्यावा, तर खेड्यात दार लोटलेलं घर म्हणजे आत काहीतरी भानगड आहे असं समजतात. एकदा शेजारच्या द्वारकाबाई अचानक आत आल्या, कपात डोकावल्या आणि सारजाबाईंना म्हणाल्या, "कुकू पुसायचंय का तुला?" त्या दिवसापासून घरातलाही चहा फिका झाला. बापूसाहेब आधी चिडले. मग एकदा संस्कृती त्यांच्या मांडीवर बसून स्वतःच्या पोटात सुई टोचताना त्यांनी पाहिली. पोरगी डोळे मिटत नव्हती, तेच मिटत होते. तिच्या वाटणीची सुई आपल्याला घेता येत नाही, निदान चहा तरी कडू प्यावा, असं त्यांना वाटलं आणि त्यांची कुरकूर थांबली.

संस्कृती जायची ती शाळा कारखान्याची. टनामागं उसाच्या पैशातून कपात करून बांधलेली, दगडी कमानीची, कमानीवर दोन सिमेंटचे ऊस. दुपारच्या सुट्टीत सारजाबाई भाकरी द्यायच्या निमित्तानं यायच्या. भाकरीच्या फडक्याखाली थर्मास, थर्मासात बर्फ आणि इन्सुलिन. शाळेमागच्या चिंचेखाली नात सुई टोचून घ्यायची आणि मग जेवायची. चोरी करावी तसं चाललं होतं.

पण बापूसाहेबांना हे खटकत होतं. मेंढक्याच्या घरात दुखणाईत कोकरू कुणी लपवत नाही, उलट त्याला पुढं घालून चालतात, म्हणजे कळपाची चाल त्याच्या बेतानं राहते. त्यांनी ठरवलं, नाव घ्यायचं नाही, पण नियम करून घ्यायचा. मधुमेह असलेल्या कुठल्याही मुलाला शाळेत इन्सुलिन ठेवायला फ्रीज असावा, टोचायला आडोसा असावा, एखाद्या बाईंना त्यातलं शिकवलेलं असावं, आणि अंगातली साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला खडीसाखर मुलाला जवळ ठेवू द्यावी. इंदापूरला पंचायत समितीत गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शाळा कारखान्याची हाय, आबा. तुमच्या सभेत ठराव करा." जाताना बिनसाखरेचा चहा पाजला.

आता कारखान्याची वार्षिक सभा ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायला हवं. भला मोठा मांडव, पुढं सोफे, मागं खुर्च्या, त्याच्यामागं भटारखाना. व्यासपीठावरून एक साहेब विषय वाचायला लागतात आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मांडवातून गजर होतो, "मंजूर, मंजूर!" हिशेब मंजूर, अहवाल मंजूर, न वाचलेलंही मंजूर. यात कुणाचा कपटभाव नसतो. रीतच तशी आहे. शिवाय मागून बुंदीचा वास येत असतो.

बापूसाहेबांनी आयत्या वेळच्या विषयात आपला ठराव दिला. साहेबांनी "मधुमेह असलेल्या" एवढं वाचलं आणि मांडव गरजला, "मंजूर!" कुणीतरी हसून ओरडलं, "आबा, शाळंत नाव घालताय का?" बापूसाहेब हरखून घरी आले. वर्ष गेलं. फ्रीज नाही, आडोसा नाही. ते कारखान्याच्या कचेरीत विचारायला गेले, तर उत्तर मिळालं, "मंजूर झालाय की ओ. आता काय राहिलंय?" दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा ठराव दिला. पुन्हा मंजूर झाला, एकमतानं. तेव्हा कुठं बापूसाहेबांच्या ध्यानात आलं की एखादी गोष्ट मारायची असेल तर तिला विरोध करायची गरज नसते. मंजूर केली की ती आपोआप मरते.

यंदा जुलैत व्हायचं ते झालं. वर्गात संस्कृतीचे हात थरथरायला लागले. तिनं दप्तरातून खडीसाखरेची पुडी काढली. वर्गात खायचं नाही असा नियम, म्हणून बाईंनी पुडी काढून घेतली. बाईंना तरी काय माहीत? पोरगी बाकावरून खाली कोसळली. शिपायाला कशी कोण जाणे अक्कल सुचली, त्यानं तिच्या तोंडात साखर घातली म्हणून वाचली. दिपालीनं चक्कर आली म्हणून सांगितलं, पण हेडमास्तर घाबरले. "बरी होईपर्यंत घरीच ठेवा," म्हणाले. बरं व्हायचं नाही असं दुखणं, म्हणजे शाळा कायमचीच सुटली. साखरेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शाळेत चिमूटभर साखरेसाठी पोरीला आधी कोसळावं लागलं, हे बापूसाहेबांच्या जिव्हारी लागलं. संस्कृती रोज सकाळी वेणी घालून ओट्यावर बसायची आणि शाळेची गाडी गेली की वेणी सोडायची. ते त्यांना बघवेना.

सप्टेंबरात सभा आली. सारजाबाई यंदा बायकांच्या खुर्च्यांत येऊन बसल्या, सोबत संस्कृती आणि तिचा थर्मास, कारण दिपाली रानात गेली होती आणि घरी पोरीपाशी कुणी नव्हतं. साहेबांनी आयत्या वेळचा विषय काढला, "मधुमेह असलेल्या..."

"मंजूर, मंजूर!"

"नामंजूर!" बापूसाहेब ओरडले.

 भटारखान्यातला झारा थांबला. हा शब्द या मांडवात कुणी ऐकलाच नव्हता. साहेब कागद उलटून पालटून बघायला लागले. मोहनरावांनी माईक ओढला.

"बापूसाहेब, आवो ठराव तुमचाच हाय."

"म्हणून तर. माझा हाय, मीच इरोध करतोय. इरोध झाला की चर्चा करावी लागती, असा नियम हाय का न्हाय?"

नियम होता. वापरायची वेळ आली नव्हती एवढंच. मोहनराव जरा वैतागून, जरा हसून म्हणाले, "बरं, करा चर्चा. पर मला एक सांगा, साखर तुमाला. शाळंतल्या पोरांचं तुमी कशापायी धरून बसलाय? हितं कुणाच्या पोराला हाय हे दुखणं? एक तरी नाव सांगा."

सगळ्या माना वळल्या.  नाव बापूसाहेबांच्या ओठावर होतं आणि त्याच ओठानं घेतलेली शपथही होती. मांडवाच्या कडेला मल्हार उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. बापूसाहेबांनी उगीच टोपी काढली, पुन्हा घातली. कुणीतरी दयेनं म्हणालं, "दमलं म्हातारं. च्या द्या त्यांना, बिनसाखरेचा!" मांडवात हशा पिकला. पोऱ्यानं वेगळा कप पुढं केला. आता पुन्हा मंजूर होणार आणि पुन्हा मरणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"आबांना साखर न्हाय," बायकांच्या बाजूनं बारीक आवाज आला. "मला हाय."

संस्कृती खुर्चीवर उभी होती. सारजाबाईंनी तिचा हात धरला होता, पण खाली ओढला नव्हता.

"आबा माझ्यामुळं कडू च्या पित्यात," पोरगी म्हणाली. "आन मला शाळंत जायचंय."

मग जेवायची वेळ झालीच होती म्हणून तिनं थर्मास उघडला, झगा जरा वर केला आणि रिबीन बांधावी इतक्या सहज पोटात सुई टोचली. हजारभर माणसं बघत होती. तिच्या ते गावीही नव्हतं. सुई काढून तिनं विचारलं, "आता बुंदी कधी वाढणार?"

कुणी हसलं नाही.  मोहनराव माईकवर म्हणाले, "साहेब, ठराव पयल्यापासनं वाचा. पुरा वाचा. आन मधी कुणी मंजूर म्हणायचं न्हाय."

ठराव पुरा वाचला गेला. शाळेत फ्रीज आला. त्यावर चेअरमनांचा फोटो चिकटवला होता आणि पहिल्या दिवशी आत पाहुण्यांसाठी कोल्ड्रिंकच्या बाटल्या होत्या. बापूसाहेबांनी जाऊन बाटल्या बाहेर काढल्या, फोटो राहू दिला. संस्कृती वर्गात बसते, पुडी बाकावर उघडी असते, आणि त्या बाईच मधून मधून विचारतात, "साखर घेतलीस का गं?"

दिपाली मात्र सासऱ्याशी आठ दिवस बोलली नाही. तिनं एवढं जपलेलं सगळ्या जगासमोर झालं होतं. ती भाकरी वाढायची आणि तोंड फिरवायची. बापूसाहेबही खाली मान घालून जेवायचे, कारण तिचं भय खोटं नव्हतं.

एका संध्याकाळी दारात लोणी भापकरची सिंधुबाई येऊन उभी राहिली. ओळख ना पाळख. पदराआड वाळका पोरगा लपलेला. आजूबाजूला बघत ती हळूच म्हणाली, "ताई, त्या सभेतल्या पोरीचं घर हेच ना? ह्याला पण हाय. आमी कुणाला सांगितलं न्हाय. तुमी ते औषिद उन्हाळ्यात गार कसं ठेवता वो?"

 दिपालीनं सिंधुबाईचा हात धरून तिला आत घेतलं, पाट दिला आणि संस्कृतीला हाक मारली, "संस्कृती, थर्मास आण बाळ. मावशीला दाव कसा भरायचा ते." पोरगा पदराआडून बाहेर आला. दोघी बाया चुलीपाशी बोलत बसल्या, आणि दिपाली इतकी बोलली की बाहेर ओट्यावर बसलेल्या बापूसाहेबांना डोळे पुसावे लागले.

थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, सभेनंतरचा त्यांच्यासाठीचा पहिलाच. "आबा, च्या टाकलाय. आता काय चोरी न्हाय. तुमचा पाकासारखा करू का?"

बापूसाहेबांनी जरा विचार केला.

"फिकाच दे, पोरी," ते म्हणाले. "आता गोड उतरंना घशाखाली."