मावशीच्या घरचं पाणी

लग्न होऊन मुळगावात आले तेव्हा बांद्याकडची तिखट जीभ आणि शाळेत जाताना वापरलेली लेडीज सायकल, एवढंच माझं म्हणावं असं सोबत होतं. जिभेची सवय सासरच्यांना लवकर झाली. सायकल मात्र बरेच दिवस गोठ्यात लाकडांच्या आड उभी होती. नवरा मुरगावच्या धक्क्यावर कामाला, तो शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मामंजींचं डिचोलीच्या बाजारात किराणा दुकान. दिवसभर घरात मी आणि सासूबाई, आणि गप्प बसणं दोघींनाही जमत नसे.

गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, या भांडणाचे ते दिवस होते. सासूबाईंची थोरली बहीण, आमची मावशी, वरच्या अंगाच्या गावात दिलेली. तिच्याकडे आम्ही एकदा जेवायला गेलो आणि पंगतीतच मामंजी आणि मावशीचे यजमान एकमेकांवर घसरले. मामंजी मराठीचे, ते कोंकणीचे. दोघे साडू तावातावाने भांडत होते ते एकाच घरगुती बोलीत. मला वाढता वाढता हसू आलं, तर सासूबाईंनी डोळे वटारले. मामंजी अर्ध्या पानावरून उठले आणि उंबऱ्यात उभं राहून त्यांनी देवीची आण घातली, की आमच्या घरातलं कोणी या घरचं पाणी पिणार नाही. पुढे गोव्याचं घटकराज्य झालं, दोन्ही घरी फटाके वाजले. आण मात्र तशीच राहिली.

आमच्याकडे देवीची आण म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मोडली तर ती थोरल्या मुलावर जाते, असं मानतात. थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा. तो दिवसभर बार्ज आणि बोटीच्या मधल्या ओल्या फळीवरून ये-जा करणारा.

मग मावशी आजारी पडली. लघवीचा विकार, अधूनमधून ताप, कंबर दुखत नसली की डोकं धरलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाइतकंच पाणीही महत्त्वाचं, दिवसभर पीत राहा. निरोप आला त्या संध्याकाळी सासूबाई मामंजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाणी पिऊंक जायना म्हणलेत तुमी. वचूंक जायना म्हणूंक नात."

जाऊ नका असं मामंजी खरोखरच म्हणाले नव्हते.

जायचं कसं, हा प्रश्न होता. बस डिचोलीहून फिरून जाणार, आणि रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग. त्या धुळीतून गेलेली पांढरी साडी पुन्हा पांढरी होत नसे. पण आमच्या शेताच्या वरून नवा कालवा खणला जात होता आणि त्याच्या कडेने खडी टाकलेली वाट थेट मावशीच्या गावाखालून जात होती. मी गोठ्यातून सायकल बाहेर काढली, ट्यूबचं पंक्चर काढून घेतलं आणि कॅरिअरवर जुन्या लुगड्याची घडी बांधली. सासूबाईंनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"पडलें तर तुका सोडची ना," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

त्या वाटेइतकं सुख मला त्या वर्षांत दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे सांगून टाकते. कालव्यात पाणी यायला अजून बरीच वर्षं होती. कोरड्या उतारावर बायका कोकमाची सोलं वाळत घालायच्या, तळाशी म्हशी रवंथ करत बसायच्या. एका बाजूला काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला खाली शेतं, आणि दूरवर ट्रकांचा नुसता आवाज. खडीवर सायकल चालवणं म्हणजे हट्टी म्हशीला वळवण्यासारखं. हँडल फार घट्ट धरलं की ती हमखास घसरते. ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबलेल्या दोन पट्ट्यांतली एक पकडायची आणि तिच्यावरून हळूहळू जायचं. सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि वाटभर मला सूचना करायच्या. स्वतः जन्मात सायकलला हात लावला नव्हता, पण वळण कसं घ्यावं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. चढ आला की त्या उतरायच्या आणि मागून ढकलायच्या. काजूच्या दिवसांत वास एवढा सुटायचा की दोघी बोलायचं विसरायचो.

हँडलला पिशवी असायची. तिच्यात मावशीसाठी ताजे उंडे, म्हणजे आमच्याकडचे गोल पाव, आणि आमच्या घरच्या पाण्याची बाटली. घरचं कसलं, आमची विहीर खाणीमुळे कधीच आटली होती, पाणी टँकरचं यायचं आणि त्याला गंजाचा वास असायचा. मावशीच्या विहिरीचं पाणी गावात नावाजलेलं. तिच्या खाटेशी बसून सासूबाई आमचं टँकरचं पाणी घोट घोट प्यायच्या आणि मावशी जनेलातून बाहेर बघत राहायची. यजमान आम्ही आलो की मागच्या दाराने बागेत जायचे.

असं काही आठवडे चाललं. एकदा मी परसात हात धूत असताना मावशीची सून जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुमी येतात त्या दिसा माय उदक घेना. भयण म्हज्या घरचें पियेना आनी हांव कशी पियेवं, म्हणता. मागीर रातीं ताप येता."

परतताना मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी सायकल थांबवायला लावली आणि त्या कालव्याच्या कठड्यावर बसल्या.

"गेलें तर ती तानेली," त्या म्हणाल्या. "गेलें ना तर एकटी."

मला मामंजींचा संताप आला होता, आणि थोडा देवीचाही. दोन पुरुष जेवताना भांडतात आणि एक आजारी बाई तहानेली राहते, हा कुठला न्याय? मी हे सगळं मोठ्याने बोलले. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुजो घोव तो. तूं सांग."

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती ओली फळी आली. आण वगैरे मी मानत नाही, असं मी माहेरी पुष्कळदा म्हटलं होतं, पण तेव्हा माझं माणूस धक्क्यावर कामाला नव्हतं. बराच वेळ मी सायकलची घंटी उगाच पुसत राहिले.

"पिया तुमी," मी म्हटलं. "मी पण पितंय."

पुढच्या खेपेला पिशवीत फक्त उंडे होते. मावशीच्या खाटेशी बसल्या बसल्या सासूबाईंनी सुनेला सांगितलं, "बाय, उदक हाड." सून जागच्या जागी थांबली, मग धावत गेली. काचेच्या कोपातलं अर्धं पाणी सासूबाईंनी घेतलं, उरलेलं मी. पाणी थंड आणि गोड होतं. मावशीने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि हात पुढे केला. तिने दोन कोप पाणी घेतलं, न थांबता. मग उंडे आज कडक आलेत म्हणून कुरकुरली.

येताना देवळाच्या दिशेचा माड दिसू लागला तशा सासूबाई खाली उतरल्या. खडीत चपला काढून त्यांनी हात जोडले आणि चारचौघांशी बोलतात तशाच आवाजात देवीला सांगितलं, पाणी मी प्यायले आहे, पोराच्या वाटेला जाऊ नकोस, काय करायचं ते माझं कर. मी मागे सायकल धरून उभी होते. माझंही नाव घ्या म्हणायचं मनात होतं, ते राहूनच गेलं.

मामंजी दुकान बंद करून आले, हातपाय धुतले, पेपर घेऊन बसले. सासूबाईंनी चहा पुढे ठेवला.

"हांव तिच्या घरचें पाणी पियेलें," त्या म्हणाल्या. "देवीक सांगलां, म्हजें किदें तें कर म्हणून."

मामंजींनी पेपरची घडी घातली. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी चहा प्यायला, कप ठेवला आणि एवढंच विचारलं, "कशी आसा ती?"

"सुकल्या."

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी दुकान उघडण्याआधी आंघोळ करून नारळ घेऊन देवळात गेले. परत आले ते प्रसादाची वाटी सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "भयणीक व्हर."

"किदें सांगलात देवीक?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी दुकानाच्या किल्ल्या शोधत होते. आमच्याकडे न बघताच ते म्हणाले, "आण म्हजी. तुज्या आदीं म्हजो नंबर लाव, म्हणून सांगलें."