गेनबांची कूस

गोदाबाईंनी गेनबा पैलवानांची कूस बदलली की त्यांचा तडाखा ठरलेला, दर दोन तासांनी. अर्धांगवायूत पैलवानांची डावी बाजू आणि वाचा गेली होती, पण उजवा हात अजून तालमीतलाच होता. कधी कानशिलात बसे, कधी बरगडीत. एकदा तर पाण्याचा तांब्या भिरकावून त्यांनी बाईंची भुवई फोडली. बाईंनी रक्त पदराने टिपलं, पैलवानांना वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी सरकवली आणि मगच स्वतःच्या जखमेवर हळद दाबली.

नवऱ्याच्या माराला कंटाळून त्या वाशिमहून पुण्यात आल्या. आधी एका इस्पितळात आयाबाई होत्या, मग घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळू लागल्या. एकोणीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाची पाठ पडून पडून फुटली नव्हती. याचा त्यांना गर्व होता, आणि का असू नये? दुसरं गर्व करण्यासारखं आयुष्याने त्यांना दिलं तरी काय होतं!

गेनबांची हडपसरची शेतजमीन आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारतींखाली गेली, तेव्हा त्यांच्या मुलाने, हिंमतरावांनी, तीन मजली बंगला बांधला. बापासाठी हवेची गादी आणली. मात्र कूस बदलताना बाप ओरडला की त्यांचं डोकं फिरे.

"म्हाताऱ्याला झोपू द्या की. एवढी भारी गादी हाय, ती काय कामाची?"

"गादी कूस नाही बदलत, भाऊ," गोदाबाई म्हणाल्या.

एका रविवारी बाई सुट्टीवर गेल्या आणि घरच्यांनी गेनबांना दिवसभर पाठीवरच ठेवलं. सोमवारी त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. बाईंनी बोटाने दाबून पाहिला. दाबल्यावर तो पांढरा पडेना. म्हणजे आतलं मांस मरायला लागलं होतं. साखरेचा रोगी, कातडी फुटली तर म्हातारा वाचणार नव्हता. बाईंनी त्यांना पाठीवर टेकवायचं बंदच केलं.

हिंमतरावांनी मात्र कचरूला बोलावलं. हा तालमीतला जुना मालीशवाला. साकळलेलं रक्त रगडून मोकळं करायचं, एवढीच त्याची विद्या, आणि पन्नास वर्षं ती पैलवानांना लागू पडली होती. तो तेलाची वाटी घेऊनच आला.

"लाल जागेवर चोळायचं नसते, मामा. आतून फाटते," गोदाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"ह्याची हाडं म्या बसवल्याती, पोरी. सरक."

बाईंनी वाटी हिसकावून भिंतीवर मारली. हिंमतरावांनी त्यांच्या थोबाडीत दिली. बाईंचं डोकं पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. त्या तशाच उठल्या आणि हिंमतरावांच्या मनगटाला कडकडून चावल्या. मग त्यांनी अंबाडा धरून बाईंना चकचकीत फरशीवरून फरफटत नेलं आणि फाटकाबाहेर ढकललं. मागून त्यांची पिशवी आली. आतून पैलवानांचा हंबरडा ऐकू येत होता. त्यावर कचरू मायेने म्हणत होता, "झालं, गड्या, झालं." त्याला खरंच वाटत होतं की आपण मित्राला बरं करतोय.

बाराव्या दिवशी हिंमतराव गाडी घेऊन विश्रांतवाडीला गोदाबाईंच्या खोलीवर आले.

"बाई, दादांच्या पाठीला वास येतोय."

त्यांच्या तोंडावर दार आपटावं असं बाईंना फार वाटलं. पण त्या गाडीत बसल्या.

पट्टी काढली तर माकडहाडावर लिंबू मावेल एवढा खड्डा आणि तळाशी हाड. बाईंनी काळं पडलेलं मांस हळूहळू धुतलं. असल्या दुखण्यात पैलवानांनी त्यांचा जबडा फोडायला हवा होता. पण त्यांचा उजवा हात चादरीवर नुसता पडून राहिला. ते पाहून बाईंना रडू फुटलं, आणि रडता रडताच संताप आला.

हिंमतराव नाकाला रुमाल लावून दारात उभे होते. बाईंनी त्यांची मानगूट पकडली, खेचत आणलं आणि तोंड त्या खड्ड्यापासून वीतभर अंतरावर दाबून धरलं.

"बघा. डोळे नाही मिटायचे."

एवढा धिप्पाड माणूस, पण त्यांनी मान सोडवून घेतली नाही. ते भडाभडा ओकले. मग जमिनीवर बसूनच त्यांनी विचारलं, "भरंल ना जखम, बाई?"

"नाही," गोदाबाई म्हणाल्या. "पण दुसरी होऊ द्यायची नाही. उठा, कूस बदलू. खांद्याला धरा."

हिंमतरावांनी तोंड पुसलं आणि बापाच्या खांद्याला धरलं.