दुसरी नाडी

अख्ख्या करवीर इलाख्यात माझ्या आतोबांइतका निर्लज्ज डॉक्टर झाला नाही, आणि पुढं कुणी होईल असंही वाटत नाही. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं समजू नका. सगळं कोल्हापूर त्यांच्या तोंडावर हेच म्हणायचं आणि ते मिशीवर बोट फिरवून ‘व्हय की’ म्हणायचे. महाराजांच्या कारकिर्दीत ते सरकारी दवाखान्यात होते. डोक्याला फेटा, अंगात कोट, कोटाच्या एका खिशात कात्री आणि दुसऱ्यात सुती नाड्यांची गुंडी. छाती तपासायची नळी ते पुष्कळदा घरी विसरत, पण नाड्या विसरल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

या नाड्यांमागं त्यांचं एक शास्त्र होतं. “वैद्य एक नाडी बघतोय, मी दोन बघतोय,” असं ते छातीठोक सांगत. पोट दुखतंय म्हणून कुणी मुलगा आणला की आधी मनगटाची नाडी आणि मग इजारीची. एकदा हुपरीचा एक चांदीकाम करणारा बाप पोराला घेऊन आला. आतोबा म्हणाले, “नाडी सोड.” पोरानं भाबडेपणानं हात पुढं केला. “ही न्हवं, खालची.” बाप तांबडालाल झाला. “डाक्टर, पोट दुखतंय पोराचं!” आतोबा शांतपणे म्हणाले, “पावणं, पोरं तिथलं नाव घ्यायला लाजत्यात. पोटाचं घेत्यात.” बघितलं तर तिथं काहीच नव्हतं, पोरानं कच्च्या चिंचा खाल्ल्या होत्या. पण ओढाताणीत नाडी तुटली होती, म्हणून आतोबांनी खिशातली नवी काढून स्वतःच्या हातानं ओवून दिली. या नाड्या घरी आत्या विणायची. “लोकांचे नवरे सोन्याचे डाग आणत्यात, माझा सूत आणतोय,” असं ती येईल त्याला ऐकवायची.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना ही दुसरी नाडी माझ्यावर आली. रविवार होता, आतोबा जेवायला यायचे होते आणि चुलीवर मटण शिजत होतं. अंगणात खेळता खेळता एकाएकी अशी कळ आली की मी तिथंच बसलो आणि ओकलो. कुठं दुखतंय ते मला पक्कं ठाऊक होतं. पण स्वयंपाकघरात आईजवळ शेजारच्या दोन काकू बसलेल्या. त्यांच्यासमोर ते नाव कसं घेणार? म्हणालो, पोट. आईनं बेंबीला हिंग लावला आणि ओवा चावायला दिला.

आतोबा आले, पाटावर बसले. पहिला घास उचलला आणि आतून माझं कण्हणं ऐकून थांबले. “पोट दुखतंय त्याचं, दाजी,” आई म्हणाली, “हिंग लावलाय. तुम्ही जेवा.” मटणाचं ताट आतोबांनी जन्मात कुणासाठी सोडलं नव्हतं. ते सोडून उठले. माझं पोट दाबून म्हणाले, “पोट मऊ हाय.” मग बायकांना बाहेर घालवलं. मी नाडीची गाठ दोन्ही मुठींत धरून बसलो होतो. एरवी गावभर ओरडणारा हा माणूस अगदी हळू म्हणाला, “बाळ, मी बघू?” मी मूठ सोडली. गाठ काही सुटेना, तेव्हा कात्री निघाली.

एका बाजूची वृषणाची गोळी वर चढून आडवी झाली होती. वडील म्हणाले, “लेप लावू की दाजी. उद्या बघू.”

“उद्या काढून टाकायलाच न्या! हिरीवरच्या मोटंच्या नाड्याला पीळ पडल्यागत हिच्या शिरंला पीळ पडलाय. रक्त पोचंना झालंय. हळूहळू सुजलं असतं तर लेप लावत बसलो असतो. एकदम उठलंय, आता येळ न्हाय.”

आणि त्यांनी तो पीळ हातानं, बाहेरच्या बाजूला, पुस्तकाचं पान उलटावं तसा फिरवून सोडवला. मी जी बोंब ठोकली ती सगळ्या आळीनं ऐकली. पण कळ ओसरली. तरी टांग्यात घालून मला दवाखान्यात नेलंच. “आज सुटला, उद्या परत पडंल,” म्हणत मोठ्या डॉक्टरांकडून भूल देऊन दोन्ही बाजूंना टाके घालून घेतले. बाहेर वडील दबक्या आवाजात विचारत होते, “वंशाचं काय?” आतोबा म्हणाले, “गोळी जित्ती हाय. मोठा झाला की लगीन करून बघा की. आणि रस्सा उरलाय काय?”

पुढं मला तीन मुलं झाली. प्रत्येक बारशाला लोकांनी झबली-टोपरी आणली. आतोबांनी नाड्यांची गुंडी पाठवली.

एवढा हट्ट कशापायी, असं मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “नवा होतो तवा राधानगरीकडचं एक पोरगं आलतं. पोट म्हणालं, म्या पोटाचं औषध दिलं. एकच नाडी बघितलीती. परत आलं तवा उशीर झालता.” मला फार वाईट वाटलं. त्या पोराचंही आणि यांचंही.

ते शेवटच्या आजारात होते तेव्हा मी उशाशी बसून त्यांचं मनगट धरलं. डोळे किलकिले करून म्हणाले, “हीच बघ. दुसरीचं वय गेलं माझं.” मला हसू आलं आणि रडूही आलं. मनगट मी सोडलं नाही. कुठं पीळ पडला नव्हता, तरी ती नाडी माझ्या बोटांखाली मंद होत गेली आणि थांबली.