बाबांचा वेगळा कागद

माझा स्वभाव उतावळा आणि धंदा नेमका संयमाचा. देवासला घरी बसून मी बँडवाल्यांसाठी संगीताचे कागद संगणकावर मांडते. पान उलटायची वेळ विश्रांतीच्या जागी यावी लागते, कारण क्लॅरिनेटवाल्याला तिसरा हात नसतो. जिथून मागे फिरायचं तिथे रिपीटची खूण, म्हणजे जाड रेघ आणि तिला चिकटून दोन टिंबं. जिथे परतायचं ती जागा शक्यतो ओळीच्या डाव्या टोकाला घ्यायची, म्हणजे नजरेला चटकन सापडते.

नेमकं ते डावं टोकच बाबांना दिसेनासं झालं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर हातपाय सावरले, पण डावीकडचं दिसणं गेलं. ताटातली चटणी-कोशिंबीर तशीच राहायची आणि वर आईलाच विचारायचे, "आज डावी बाजू वाढायची राहिली का गं?"

आई-बाबा धारला असतात. तिथे त्यांचा निवृत्त बँडवाल्यांचा सहा जणांचा ताफा आहे. गणपतीत वाजवतात. तालमीत बाबा रिपीट आला की हरवायला लागले. "यंदा जमलं नाही तर क्लॅरिनेट विकून टाकतो," म्हणाले. माझी झोपच उडाली.

मग मी त्यांच्यापुरता वेगळा कागद केला. एकही रिपीट नाही. दुसऱ्यांदा वाजवायचं ते सगळं पुन्हा लिहून काढलं, ओळी आखूड, पानाच्या उजव्या अर्ध्यात. मागे बघायचंच नाही, सरळ पुढे जायचं. त्यानंतर तालमीत बाबा एकदाही चुकले नाहीत. मी स्वतःवर बेहद्द खूश होते, खोटं कशाला बोलू?

कार्यक्रमाच्या दिवशी मी खुर्चीच्या कडेवर टेकले होते आणि माझा पाय सारखा हलत होता. मधेच प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई झाली. बँडमास्तरांनी हाताने इशारा केला, रिपीट सोडा, पुढे चला. पाच जण पुढे गेले. इशारा बाबांच्या डावीकडून आला होता, त्यांना दिसला नाही. दिसला असता तरी कुठून कुठे जायचं, हे त्यांच्या कागदावर मी ठेवलंच नव्हतं. दोन सुरावटी एकमेकींवर आदळल्या. गोंधळून पाचही जण थांबले आणि बाबा एकटेच वाजवत राहिले. त्यांचं आवर्तन संपलं तेव्हा कुठे बाकीचे पुन्हा मिळाले.

लोकांना वाटलं, हे मुद्दामच बसवलंय. टाळ्या पडल्या. बँडमास्तर खाली उतरून माळव्याच्या हिंदीत म्हणाले, "भिया, क्या सोलो मारा आपने!" बाबा हसले नाहीत.

घरी आल्या आल्या मी सुरू झाले, "चूक त्यांची होती, बाबा. तुम्ही अगदी बरोबर वाजवलंत."

"बरोबरच वाजवलं," क्लॅरिनेट पुसत ते म्हणाले. "पुढच्या वेळी मात्र मला सगळ्यांसारखाच कागद दे. चुकलो तर चुकलो."

"पण का?"

"अगं, एकदम सगळे गप्प झाले ना, तेव्हा मला वाटलं, आता माझे कानही गेले."