धोपाटण्याखालचं रेशीम

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. नागपूरला शिकलो, तेव्हा नागपूरच आमच्या प्रांताची राजधानी होती. केमिकल इंजिनीअर होऊन मुंबईकडच्या एका रेयॉनच्या कारखान्यात लागलो. लाकडाचा लगदा कास्टिक सोड्यात मुरवायचा, विरघळवायचा, बारीक छिद्रांतून आम्लात सोडायचा, की रेशमासारखं सूत निघतं. अंगाला नासक्या अंड्यांचा वास येई, पण सूत माझ्या हातचं होतं. त्याचा मला अभिमान होता.

बाबा सौंसरजवळच्या सावरगावला कापूस पिकवत. ते म्हणाले, "लाकडाचं सूत? मंग आमी वावरात पराटी काहून लावून राहिलो बाप्पा?"

त्यांना दाखवायचंच म्हणून दिवाळीला मायसाठी आमच्या सुताचं लुगडं नेलं. तिला बजावलं, "माय, हे भिजलं की याचा निम्मा जोर जातो. धोपटू नको. हलक्या हातानं पिळ."

ते नेसून माय जामसांवलीच्या देवळात गेली. पदराला मारुतीचा शेंदूर लागला. दुसऱ्या दिवशी जाम नदीवर तिनं लुगडं दगडावर ठेवलं आणि धोपाटणं उचललं. मी नंतर चिडलो तर म्हणते, "धोपटलं नाही त धुतलं कसं म्हनाव रे?" चौथ्या-पाचव्या दणक्याला पदर फाटला. घाटावरची एक बाई म्हणाली, "काकू, तुमचा पोरगा कागदाचे लुगडे करते काय वो?" संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

कारखान्यात परतल्यावर मी मॅनेजरांना म्हणालो, कापडाबरोबर धुण्याची सूचना द्या, दुकानदारांना समजावून सांगा.

"आपला माल कच्चा आहे, हे आपणच सांगायचं?"

नुकतीच राज्यांची फेररचना झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही भोपाळकडे राहिलो. मॅनेजर हसून म्हणाले, "तुमच्या मध्य प्रदेशात कपडे धुता येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?"

बोली तीच, नदी तीच, आणि मी परप्रांतीय! पुढेही तो विषय मी दर बैठकीत काढला. उत्तर ठरलेलं : "तुम्ही सूत काढा, विकायचं आम्ही पाहू." हुद्दा वाढला, सूचना काही निघाली नाही.

एकदा सुटीत बाबांबरोबर सौंसरच्या बाजारात गेलो. ओळखीच्या कापडवाल्यानं माझ्याकडे पाहून विचारलं, "पाटील, पोरगा कुठी असते?"

"मुंबईकडं. मोठ्या कारखान्यात साहेब हाय," बाबा ताठ होऊन म्हणाले.

"कायचा कारखाना?"

बाबा धोतरांच्या गठ्ठ्याकडे वळले. "लोखंडाचा."

"बेस झालं. लोखंड टिकते."

कोणालाही तोंडावर खरं ऐकवणारा मी, समोरचं सुती धोतर उलटंसुलटं करून पाहत बसलो.